सिस्टर, हात कधी धुवायचे?

या खेपेला आलेली निम्मी पत्रं एकाच काळजीची आहेत. घरी किंवा दवाखान्यात कुणीतरी आजारी आहे, शुश्रूषा चालू आहे आणि इन्फेक्शनची धास्ती आहे. मी १९८६ ते २०२२ अशी छत्तीस वर्षं पुण्यात नर्स म्हणून काम केलं. त्यातली शेवटची अकरा वर्षं इन्फेक्शन कंट्रोलची जबाबदारी माझ्याकडे होती. वॉर्डात उभं राहून कोणी कधी हात धुतले आणि कधी धुतले नाहीत, याची वहीत नोंद करणं हे माझं रोजचं काम होतं. त्यामुळे या पत्रांतल्या बऱ्याच गोष्टी मी डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत. सहा पत्रं निवडली आहेत. नावं छापलेली नाहीत.

सिस्टर, माझ्या सासऱ्यांना (वय ७९) पक्षाघात झाला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हापासून लघवीची नळी आहे. दीड महिन्यात दोनदा थंडी वाजून ताप आला, दोन्ही वेळा युरिन इन्फेक्शन निघालं, एकदा तर ॲडमिट करावं लागलं. मी दिवसातून तीनदा फिनाईलने फरशी पुसते, चादर रोज बदलते. ब्युरोकडून येणाऱ्या मावशींचं कप-ताट वेगळं ठेवलंय. आणखी काय करू?
– एक सून, कोथरूड

तुम्ही किती दमला आहात ते पत्रात दिसतंय, म्हणून आधी तुमचं काम थोडं कमी करते. फरशी एकदा पुसली तरी पुरे. सासरे खाटेवर आहेत, त्यांचा फरशीशी संबंध येत नाही. आणि मावशींचं कप-ताट वेगळं ठेवणं आजपासून बंद करा. कपातून कॅथेटरचं, म्हणजे लघवीच्या नळीचं इन्फेक्शन होत नाही. मावशींना लांब ठेवायचं आणि घरातला कुणी बाहेरून येऊन, खिशातला मोबाईल बाजूला ठेवून, त्याच हातांनी युरिन बॅगेचा कॉक उघडतो, असं मी चांगल्या शिकल्यासवरल्या घरांत पाहिलंय. जंतूंना घरचा हात आणि परका हात कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने हात धुण्याचे पाच क्षण ठरवून दिले आहेत. पेशंटला हात लावण्याआधी. नळी, जखम, सलाईन असं काही हाताळण्याआधी. लघवी, शी, रक्त, थुंकी यांच्याशी संबंध आल्यावर. पेशंटपासून बाजूला होताना. आणि पेशंटला न शिवता नुसती त्याची खाट, टेबल, रिमोट हाताळला तरी त्यानंतर. माझ्या वहीत अकरा वर्षं एकच चित्र दिसायचं. नंतरचे तीन क्षण लोक बऱ्यापैकी पाळतात, कारण तेव्हा आपल्याला काहीतरी लागलंय असं वाटतं. पहिले दोन मात्र राहून जातात. ते दोन पेशंटला वाचवण्यासाठी असतात. तुमच्या घरात नेमकं कुठे चुकतंय ते बघायचं असेल, तर एक दिवस फक्त एवढंच बघा: नळीला हात लावण्याआधी कोणकोण हात धुतं? त्यात स्वतःलाही धरा.

खाटेच्या पायथ्याशी हँडरबची, म्हणजे हातांना चोळायच्या स्पिरीटच्या सॅनिटायझरची पंपाची बाटली ठेवा. बेसिन पॅसेजच्या टोकाला असेल तर माणूस दर वेळी तिथवर जात नाही, हे मी गृहीतच धरते. हँडरब असेल तर हात सुकेपर्यंत वीस ते तीस सेकंद चोळायचे, बोटांच्या फटी आणि अंगठे विसरायचे नाहीत. साबण-पाणी असेल तर सगळं मिळून चाळीस ते साठ सेकंद. हात मळलेले, चिकट झालेले दिसत असतील तर साबणच हवा. नळीचं काम करताना अंगठी काढून ठेवा, बांगड्या कोपराकडे सरकवा. अंगठीखालची जागा कितीही चोळलं तरी नीट धुतली जात नाही.

आता नळीचं. बॅग कायम मूत्राशयाच्या पातळीखाली हवी. घरी सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पेशंटला व्हीलचेअरवर बसवताना बॅग त्याच्याच मांडीवर ठेवणं. बॅगेतली शिळी लघवी उलटी आत जाते. फिजिओथेरपिस्ट आले की हेच होतं, आंघोळीला नेतानाही हेच होतं. बॅग खाटेच्या कडेला अडकवा, पण तिचं तोंड जमिनीला टेकू देऊ नका. खाट बुटकी असेल तर खाली स्वच्छ टब ठेवा. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. त्यासाठी वेगळा मग ठेवा, तो दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही, आणि बॅगेचं तोंड मगाला टेकवायचं नाही. आधी हात धुवा, मग ग्लोव्ह्ज, ग्लोव्ह्ज काढल्यावर पुन्हा हात. आंघोळीची सोय म्हणून नळी आणि बॅगेचा जोड सोडवत असाल तर ते ताबडतोब थांबवा. तो जोड जितक्या वेळा उघडतो तितक्या वेळा जंतूंना दार उघडतं. नळी जिथून आत जाते ती जागा रोज साध्या साबण-पाण्याने धुवा. डेटॉल नको, पावडर नको, मनाने कुठलं मलमही नको. लिंगावरची कातडी मागे घेऊन धुतली असेल तर ती परत पुढे आणायला विसरू नका, नाहीतर तिथे सूज येते.

आणखी एक. नळी महिनाभर राहिली की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतातच. त्यामुळे लघवी गढूळ दिसली किंवा वास आला एवढ्यावरून रिपोर्ट काढून अँटिबायोटिक सुरू करायला सांगू नका. त्याने पुढचं इन्फेक्शन जास्त चिवट होतं. ताप, हुडहुडी, ओटीपोटात दुखणं, किंवा कालपर्यंत ओळखणारे आजोबा आज अचानक असंबद्ध बोलायला लागले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर.

आणि डॉक्टरांना भेटाल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: "नळी अजून लागणारच आहे का?" दवाखान्यात गरज म्हणून घातलेली नळी घरी आल्यावर केवळ सवयीने राहिलेली मी कितीदा पाहिली आहे. ज्या दिवशी ती निघते त्या दिवशी अर्धी लढाई जिंकलेली असते.

मावशींना हे कसं सांगू, असं तुमच्या मनात येईल. सांगू नका. त्या आल्या की म्हणा, "मावशी, चला, आधी दोघी हात धुऊ," आणि स्वतः आधी धुवा.

मॅडम, मी स्टाफ नर्स आहे, दोन वर्षं झाली. नाईटला अठ्ठावीस पेशंटना आम्ही दोघी. प्रत्येक पेशंटला हात धुवायला वेळच नसतो, म्हणून मी ग्लोव्ह्ज घालूनच राऊंड घेते. परवा रात्री इंजेक्शननंतर सुईला टोपण लावताना बोटाला टोचली. इन्चार्ज बोलतील म्हणून सांगितलं नाही. झोप येत नाही.
– स्टाफ नर्स, हडपसर

तुझं पत्र हातात पडलं त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला आणि तू दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलंस, म्हणून आता हे छापते आहे. तुझ्यासारख्या कितीतरी जणी गप्प बसलेल्या असतील, त्यांच्यासाठी.

मीही गप्प बसले होते. १९९३ सालची गोष्ट, तुझ्यासारखंच टोपण लावताना. सहा महिने मी घरात कुणाशी धड बोलले नाही. तेव्हा सुई टोचल्यावर एचआयव्ही टाळायला घ्यायची गोळीही हाताशी नव्हती. आज आहे, आणि तिला वेळेची मर्यादा आहे, म्हणून गप्प बसणं हीच सगळ्यात मोठी चूक. सुई टोचली की जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची. पिळायची नाही, तोंडात घालायची नाही, ब्लीच-स्पिरीट चोळायचं नाही. लगेच कळवायचं. पेशंटचं आणि तुझं रक्त एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांसाठी तपासतात. एचआयव्हीची शंका असेल तर औषध जमल्यास दोन तासांच्या आत, आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं. ते २८ दिवस घ्यायचं असतं. भीती थोडी कमी व्हावी म्हणून आकडा सांगते: एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता हजारात साधारण तीन. हिपॅटायटिस बी मात्र लस न घेतलेल्या माणसाला कितीतरी सहज होतो, शंभरात सहापासून तीसपर्यंत. म्हणून तुला फोनवर पहिलं तेच विचारलं, तीन डोस झालेत का? पहिला, मग एक महिन्याने, मग सहा महिन्यांनी. आणि तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तात अँटिबॉडी दहाच्या वर आल्या का, ते बघायचं. दोन वर्षांच्या नोकरीत तुझा एकच डोस झालाय, हे ऐकून मला वाईट वाटलं. उरलेले घे. नव्याने सुरुवात करावी लागत नाही.

सुईला टोपण लावायचंच नाही. सुया टाकायचा पांढरा डबा ट्रॉलीवर, हाताच्या अंतरावर हवा. तो वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला असेल तर सगळ्या जणी टोपण लावणारच. ही व्यवस्थेची चूक आहे, तुझ्या निष्काळजीपणाची नाही, आणि लेखी कळवताना तू हे असंच लिही.

आता ग्लोव्ह्ज. १९९१ साली मी एका सर्जिकल वॉर्डात होते. तेव्हा ग्लोव्ह्ज धुऊन, वाळवून, पावडर लावून, ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करून) पुन्हा वापरायचे, त्यामुळे मोजून मिळायचे. एका सकाळी मी एकाच जोडीवर चार ड्रेसिंग केली. सात नंबरच्या खाटेवरच्या बाईंची जखम पुवाळलेली होती. नऊ नंबरला हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक आजोबा होते, जखम कोरडी, टाके दोन दिवसांत काढायचे. चौथ्या दिवशी त्यांच्या टाक्यांतून पू आला. ते आणखी तीन आठवडे राहिले. मुलगा सासवडहून रोज एसटीने डबा आणायचा. लॅबने दोन्ही जंतू एकच आहेत का ते तपासलं नाही, माझ्यावर कुणी ठपका ठेवला नाही. पण ते कसं गेलं ते मला माहीत आहे. माझ्या हाताला काही लागलं नाही, कारण ग्लोव्ह्ज होते. माझे हात स्वच्छ राहिले आणि आजोबांची जखम बिघडली.

म्हणून ग्लोव्ह्ज घालून राऊंड घेऊ नकोस. बीपी, टेंपरेचर, उशी नीट करणं यांना ग्लोव्ह्ज लागतच नाहीत. खिशात हँडरबची छोटी बाटली ठेव आणि एका खाटेकडून दुसरीकडे चालताना हात चोळ. हात सुकेपर्यंत, चालता चालताच ते होऊन जातं. बेसिनला जाण्यापेक्षा वेळ निम्म्याहून कमी लागतो. आणि सकाळी मोठे सर राऊंडला आले, की काही न बोलता बाटली त्यांच्यासमोर धर. मी हे अनेक वर्षं केलं. एकदाही कुणी हात मागे घेतला नाही.

तू हडपसरहून लिहिलंस म्हणून एक गोष्ट आठवली. १८९७ च्या प्लेगमध्ये तुमच्याच हडपसरच्या माळावर सावित्रीबाई फुल्यांचे दत्तक पुत्र डॉक्टर यशवंतांनी दवाखाना काढला होता. मुंढव्याहून आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तिथे आल्या, शुश्रूषा करता करता त्यांनाच प्लेग झाला, आणि १० मार्चला त्या गेल्या. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी कराचीत शोधलं ते १८९८ मध्ये. कशापासून सांभाळायचं हेच सावित्रीबाईंना माहीत असण्याची सोय नव्हती. तुला ते माहीत आहे. लस आहे, डबा आहे, गोळी आहे. तुझा जीव सांभाळणं हाही नर्सिंगचाच भाग आहे, पोरी.

ताई, मी बारा तासांची केअरटेकर आहे. आजोबांना टीबी निघालाय, घरच्यांनी मला पंधरा दिवसांनी सांगितलं. कापडी मास्क देतात. माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिला होईल का? त्यांची भांडी मी घासते.
– येरवडा

तुम्हाला उशिरा सांगितलं ते चूक झालं. हे वाक्य त्या घरच्यांनी वाचावं म्हणून छापते आहे.

भांड्यांतून, कपड्यांतून टीबी पसरत नाही. तो हवेतून पसरतो, खोकल्यातून. म्हणून तुम्हाला कापडी मास्क उपयोगाचा नाही, एन-९५ हवा, नाकावर घट्ट बसणारा, आणि तो घरच्यांनी द्यायचा. आजोबांनी साधा सर्जिकल मास्क लावायचा. खिडक्या उघड्या ठेवायच्या, एसी लावून खोली बंद करायची नाही. आजोबांचा टीबी औषधांना दाद देणारा असेल आणि गोळ्या नियमित चालू असतील, तर साधारण दोन आठवड्यांत त्यांच्यापासून पसरण्याची शक्यता खूप कमी होते. त्यांचं औषध कधी सुरू झालं ते विचारा. तो प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मुलीला आजोबांपासून थेट धोका नाही, तुम्हाला टीबी झाला तर आहे. म्हणून तुमची तपासणी महत्त्वाची. महापालिकेच्या दवाखान्यात ती मोफत होते. पंधरा दिवसांपासून खोकला आहे, अशी वेळ येण्याआधीच जाऊन "मी टीबीच्या पेशंटजवळ काम करते" हे सांगा. संध्याकाळचा ताप, वजन कमी होणं, भूक मरणं यांकडे लक्ष ठेवा.

आयसीयूमध्ये आईला देवीचा अंगारा लावू दिला नाही आणि तीर्थही देऊ दिलं नाही. सिस्टर फार तुटकपणे बोलल्या. आमच्या श्रद्धेने काय इन्फेक्शन होणार होतं?
– सदाशिव पेठ

तुटकपणे बोलायला नको होतं. तीर्थाला नकार बरोबर होता, पण कारण फक्त इन्फेक्शनचं नाही. आयसीयूतल्या पेशंटला बऱ्याचदा गिळता येत नाही, चमचाभर पाणीही श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. अंगाऱ्याचं मात्र माझं मत वेगळं आहे. हात स्वच्छ करून, कपाळावर बोटाच्या टोकाने, मानेतल्या सेंट्रल लाईनपासून (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीपासून) आणि ड्रेसिंगपासून लांब, एवढा अंगारा मी स्वतः नातेवाइकांना लावू दिलेला आहे. पुडी उशीखाली मात्र ठेवू द्यायचे नाही. पुढच्या वेळी सिस्टरना विचारा, "कुठे लावला तर चालेल?" असा प्रश्न आला की त्यांनाही उत्तर देणं सोपं जातं.

घरी आजीला जुलाब होत आहेत. तिचं सगळं करून झाल्यावर सॅनिटायझर लावला तर पुरतं ना?
– धायरी

नाही. इथे साबण आणि वाहतं पाणीच. जुलाब करणाऱ्या काही जंतूंवर, नोरोव्हायरसवर विशेषतः, स्पिरीटचा सॅनिटायझर फारसा चालत नाही. २०२५ च्या सुरुवातीला तुमच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गिलाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) पेशंट निघाले, तेव्हा काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले होते, तुम्हाला ते दिवस आठवत असतील. पाणी उकळून प्या, आणि आजीचं करणाऱ्याने शक्यतो दोन दिवस स्वयंपाकाला हात लावू नये. संडासचा कॉक, कडी, नळाची चावी ब्लीचने पुसा.

मला आणि पत्नीला, दोघांनाही इन्सुलिन आहे. दिवसाला पाच-सहा सुया होतात. आम्ही त्या कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकतो. हे बरोबर आहे का?
– निवृत्त शिक्षक, बिबवेवाडी

सर, नाही. पण तुम्ही विचारलंत याचा मला आनंद झाला, कारण हा प्रश्न जवळजवळ कुणी विचारत नाही.

पुण्यात बऱ्याच भागांत दारावर कचरा न्यायला 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई येतात. सुका कचरा त्या हाताने निवडतात. तुमच्या कागदातली सुई त्यांच्या बोटात जाते. वॉर्डात सुई टोचली तर नर्सला निदान कुणाच्या रक्ताची ते कळतं, गोळी मिळते. त्या ताईंना ती कुणाची तेही कळत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया आणि सिरिंज घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या, म्हणजे त्या ओल्यात नाहीत, सुक्यातही नाहीत, वेगळ्या द्यायच्या.

जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली घ्या, फिनाईल किंवा कपडे धुण्याच्या लिक्विडची चालते. पाण्याची पातळ बाटली नको, सुई आरपार येते. इन्सुलिन झालं की सुई थेट त्यात, शुगर तपासायची लॅन्सेटही त्यातच. बाटली जिथे इंजेक्शन घेता तिथेच ठेवा, दुसऱ्या खोलीत नको. पाऊण भरली की झाकण घट्ट लावा, चिकटपट्टी गुंडाळा, मराठीत मोठ्या अक्षरांत "सुया" असं लिहा. तुमचे डायबेटिसचे डॉक्टर किंवा लॅब ती घेत असतील तर तिथे द्या, त्यांच्याकडे सुयांसाठी वेगळी व्यवस्था असते. नाहीतर कचरा नेणाऱ्या ताईंच्या हातात वेगळी द्या आणि आत काय आहे ते तोंडाने सांगा.

आणि एक विनंती. सगळा कचरा निवडून झाल्यावर त्यांना हात धुवायला पाणी कुठे मिळतं, ते एकदा खाली जाऊन बघा. मी राहते त्या सोसायटीत पार्किंगमधल्या नळाला कुलूप होतं. सेक्रेटरींशी दोनदा बोलावं लागलं, आता कुलूप निघालं आहे आणि नळाशेजारी जाळीच्या पिशवीत साबणाची वडी टांगलेली असते. ती महिन्याला एक लागते. तुमच्याकडे काय आहे ते मला कळवा.